पस्तीस बाय पंचेचाळीस

सक्करदऱ्याच्या चौकात माझं दुकान.
सत्तावीस वर्षं मी माणसांना
पांढऱ्या पडद्यापुढच्या स्टुलावर बसवतो
आणि सांगतो,
हनुवटी जरा खाली. कान दिसू द्या.
हसू नका जी, फॉर्मवर चालत नाही.

डिसेंबरात मात्र, रविवारी पहाटे चारला
मागच्या दारानं कॅमेरा काढतो.
कानाला मफलर, स्वेटरच्या आत छातीशी वर्तमानपत्र,
दिघोरी नाक्यावरून स्कूटर उमरेडच्या रस्त्याला.
बायको झोपेतच विचारते, नागपुरात डोंगर कुठले?
टेकडी आहे, तिच्यावर गणपती आहे.
झालं.

उमरेडच्या अलीकडे डांबरी सोडायची,
कोळशाच्या भुकटीनं काळ्या पडलेल्या वाटेनं
दीड किलोमीटर.
तिथल्या एका बाभळीखाली माझी तिपाई.
बोटं इतकी गारठलेली
की लेन्सचं झाकण दातांनी काढतो.
समोर काही नसतं.
हे सांगायला हवं, कारण फोटोत ते येत नाही:
तासभर समोर काहीच नसतं,
फक्त धुक्याच्या आत कुठंतरी
मागं सरकणाऱ्या डंपरचा भोंगा.

डार्करूम होती तेव्हा ट्रेमधल्या कागदावर
आधी केस यायचे, मग डोळे,
गाल सगळ्यांत शेवटी.
तसा साडेसहाच्या सुमारास
त्याचा माथा येतो,
मग पावसानं पाडलेल्या घळी.
पाय येतच नाहीत.
जो पडदा मी दर सोमवारी धुऊन, इस्त्री करून टांगतो
तो इथं फुकट टांगलेला, आभाळभर,
आणि त्याच्यापुढं हा, स्टुलावर बसल्यासारखा.
हसत नाही.
फॉर्मवर चालेल.

गेल्या रविवारी पाठीमागं कुणी खोकलं.
मनिराम सलामे, खाणीवरचा रात्रपाळीचा चौकीदार,
उजाडलं तरी हातातली टॉर्च चालूच.
"काय काढून राह्यले जी?"
डोंगर, मी म्हटलं.
"डोंगर कायचा? माती होय थे, वरची.
कोळसा काढाच्या आंधी माती काढा लागते,
थे आणून टाकते इथं.
माह्या पोरीहून लहान हाय हा."

मी स्क्रीन त्याच्यापुढं धरला.
बराच वेळ पाहून त्यानं नखानं
डोंगराचा खांदा दाखवला.
"हे लाल पट्टी दिसते का?
हे आमच्या पिपरडोलची. शाळेच्या मांगची.
घर सारवाले माय हेच माती आने."

पट्टी मला आधीही दिसली होती.
मागच्या वर्षीच्या फोटोत
मी ती थोडी गडद केली होती,
जरा उठाव यावा म्हणून.
तो फोटो दुकानात काचेमागं लावलाय, मोठा करून.
गिऱ्हाईकं विचारतात, पचमढी का?
मी हाव म्हणतो. कोण समजावत बसणार,
रांग असते.

"मले एक काढून द्या," मनिराम म्हणाला,
"लहान. पाकिटात मावंल असा."

डोंगर उभ्या चौकटीत बसत नाही.
दोन्ही खांदे कापावे लागत होते.
डावा कापला, माथाही थोडा कापला,
लाल पट्टी ठेवली, जशी होती तशी,
तिला हात लावला नाही.
एका कागदावर आठ येतात, आठ काढले.
कात्रीनं कडा सरळ करताना
सवयीनं पुटपुटलो, कान दिसू द्या,
आणि थांबलो.

प्रती बदलू नयेत म्हणून
मी प्रत्येकाच्या मागं पेनानं नाव लिहितो.
याच्या मागं काय लिहावं?
गाव लिहावं तर ते पुढच्या बाजूला आहे,
उलटं, वरचं खाली झालेलं.

शेवटी पाकिटावरच लिहिलं:
सलामे. आठ प्रती. बाकी नाही.
आणि स्कूटरच्या डिकीत ठेवून दिलं,
रविवारपर्यंत.